चांद्याचा परकोट आणि अम्मींची पाण्याची बाटली

मागच्या अंकात आम्ही सहज लिहून गेलो होतो की, या हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन एक दिवसाचा किल्ला पाहायचा आहे. त्यावर दोन-तीन भगिनींनी निरोप पाठवले, "गेलात की नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना कसे नेलेत, ते लिहा." गेलो. कसे नेले हे सांगायचे तर गोष्ट मागच्या वर्षापासून सुरू करावी लागेल, कारण मागच्या वर्षीही आम्ही एका किल्ल्यावर गेलो होतो आणि संध्याकाळी अम्मींना सलाईन लावून परत आणले होते.

तो किल्ला दुसऱ्या जिल्ह्यातला. ऊन फार नव्हते, चढही बेताचा होता. तरी दुपारी तीनच्या सुमारास अम्मींना घेरी आली आणि त्या पायरीवरच बसल्या. वाटेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?" अम्मी गप्प. आम्ही पिशवीतली त्यांची बाटली काढून पाहिली, तर ती घरून भरली होती तशीच गळ्यापर्यंत भरलेली. साखरेचा त्रास, त्यात रक्तदाबाची गोळी, आणि पहाटेच्या चहानंतर पोटात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर रागावले. अम्मी खाली बघत एवढेच म्हणाल्या, "बाहेर पडल्यावर बायकांनी पाणी प्यायचे नसते. जायचे कुठे?"

त्या दिवसापासून अम्मींनी सहलीचे नाव काढले की मान हलवायची, असा नियम केला. "तुम्ही जा, मी घर राखते." घराला राखण्यासारखे काय आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यांची हौस मात्र कमी झाली नव्हती. टीव्हीवर एखादा जुना दरवाजा दिसला की हातातले काम थांबायचे.

यंदा आमच्या मोठीने, म्हणजे नववीतल्या मुलीने, शाळेच्या प्रकल्पासाठी 'आपल्या भागातील किल्ले' हा विषय घेतला. आम्ही राहतो देसाईगंजला, ज्याला सगळे वडसाच म्हणतात. तिने आधी वैरागड सुचवला. आरमोरी तालुक्यातला हा भुईकोट आमच्यापासून जवळ. खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या काठी, भोवती खंदक, आणि एके काळी हिऱ्यांसाठी नावाजलेला. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे, आणि ती बाबाजी नावाच्या गोंड राजाच्या ताब्यात असून त्याच्याकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचेही लिहिले आहे. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा धाकटा लगेच पिशवी भरायला निघाला, हिरे आणायला.

पण वैरागडच्या तटात झाडोरा फार. आत शिरल्यावर सावली भरपूर, सोय काहीच नाही. टिपागड त्याहून आडवाटेला आणि डोंगरावर. माणिकगड राजुऱ्याकडे, जंगलात. गुडघे धरून चालणाऱ्या माणसाला घेऊन जायचे तर किल्ला माणसांच्या वस्तीतला हवा. असा आम्हाला सोयीचा किल्ला एकच, आणि गंमत म्हणजे आम्ही त्यातून दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, कोर्टाच्या कामासाठी शेकडो वेळा गेलो आहोत. चंद्रपूर. शहराभोवतीचा परकोट. रिक्षा जटपुरा दरवाज्याखालून जाते तेव्हा आपण मोबाईलमध्ये डोके घालून बसलेलो असतो.

तर बेत चांद्याचा ठरला. मुलीने वही घेतली आणि डावीकडे पाहण्याची ठिकाणे लिहिली. आम्ही म्हटले, उजवीकडे दुसरी यादी कर: त्या ठिकाणापासून जवळचे शौचालय कुठे, ते किती मिनिटांवर, आणि दादींना तिथे जाता येईल का. मुलगी आमच्याकडे बघतच राहिली. मग तिने लाल पेन घेतला.

यादी करताना ती अगदी सहज बोलून गेली, "दादींचे बरोबर आहे. मी पण शाळेत पाणी पीत नाही."

आम्ही तिची शाळेची बाटली पाहिली. संध्याकाळचे पाच वाजले होते. बाटली भरलेली होती. तिच्या मैत्रिणींच्याही बाटल्या अशाच परत जातात, असे तिने सांगितले. मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही आणि नळाला पाणी येत नाही, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच 'अ‍ॅडजस्ट' करायचे. मधूनमधून तिला लघवीची जळजळ होते, तिला आम्ही उन्हाळा लागला समजून सब्जाचे पाणी देत होतो! दोन वर्षे. आम्ही स्वतःला जागरूक पालक समजतो, हे इथे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिले पाहिजे.

त्या रात्री सहलीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा अम्मींना आम्ही आग्रह केला नाही. मुलीनेच वही त्यांच्यापुढे ठेवली. लाल अक्षरातली यादी बघून अम्मी आधी शरमल्या. "हे असे कागदावर लिहितात का, पोरी?" मग चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. घुटकाळा वॉर्डातल्या खालांच्या घरापुढे बोट ठेवून म्हणाल्या, "यांच्याकडे आधी फोन कर. न कळवता जायचे नाही." त्यावरून आम्ही ओळखले.

आता बेताविषयी, ज्यासाठी निरोप आले होते.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. चांद्याचा उन्हाळा कसा असतो हे विदर्भाबाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना टेकतो आणि तटाचा दगड तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ असते. दिवस आम्ही रविवारचा धरला. जुम्मा वगळला, कारण अर्धा दिवस नमाजच्या वेळेभोवतीच फिरला असता आणि पुरुष मंडळी घड्याळ बघत राहिली असती.

गाडी गोंदिया–बल्लारशा मार्गावरची. गडचिरोली जिल्ह्याला कित्येक वर्षे रेल्वे म्हणून एवढे वडसाच. हीच लाईन पूर्वी नॅरोगेज होती. अम्मी अजून तिला 'छोटी गाडी' म्हणतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी स्टेशने करत ती केळझरनंतर दाट जंगलात शिरते. धाकटा वाघासाठी खिडकीला चिकटून होता. वाघ दिसला नाही, आणि बरेच झाले म्हणायचे. याच मार्गावर जुनोन्याजवळ २०१८ च्या नोव्हेंबरात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले होते. रेल्वेचे भाडे बसपेक्षा पुष्कळ कमी, आणि अम्मींना पाय मोकळे करता येतात. पण या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. परतीची चुकली तर एसटीने मूल-सिंदेवाहीमार्गे यावे लागेल, म्हणून बसची वेळही आदल्या दिवशी विचारून ठेवावी.

उतरायचे चांदा फोर्टला. नाव ऐकून आमच्या आपांना वाटले, उतरले की समोर किल्ला. तसे नाही. किल्ल्याच्या नावाचे हे स्टेशन शहराच्या पूर्व अंगाला, तटाबाहेर आहे. चंद्रपूर नावाचे दुसरे स्टेशन आहे ते दिल्ली–चेन्नई मार्गावरचे. नागपूर-वर्ध्याकडून येणाऱ्यांनी तिथे उतरावे, आमच्यासारख्यांनी फोर्टला. स्टेशनवर उतरल्यावर लाल यादीतले पहिले ठिकाण, प्रतीक्षालय. अम्मी जाऊन आल्या आणि मग मुलीने बाटली पुढे केली. दोन घोट. "पूर्ण," मुलगी म्हणाली. अम्मींनी अर्धी संपवली. आम्ही दुसरीकडे बघत होतो.

रिक्षा दिवसभरासाठी ठरवली. जागोजागी नवी रिक्षा करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, शिवाय म्हाताऱ्या माणसाला मधेच बसायला हक्काची जागा राहते.

पहिला अंचलेश्वर दरवाजा, पूर्वेचा. शेजारून झरपट वाहते. शहराची जन्मकथा इथलीच. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा बल्लारपूरला राहत असे, त्याच्या अंगाला त्वचेचा रोग होता. शिकारीला आला असता झरपटच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्यातल्या पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि रोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. पुढची गोष्ट मुलांना जास्त आवडते. राजाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला, कुत्रा पुढे आणि ससा मागे. ज्या वाटेने ते धावले त्या वाटेवर तट बांधा, असे राणीने सुचवले. सशाच्या कपाळावर चांद होता म्हणून चांदा, असेही काही सांगतात. इतिहास आपल्याला एवढे सांगतो की पंधराव्या शतकात राजधानी बल्लारपूरहून इकडे आली आणि तटाचे काम पुढच्या राजांच्या काळातही चालू राहिले. तटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. खिडकी म्हणजे तटातली लहान वाट, माणूस जाईल इतकी. धाकट्याने पाचही नावे पाठ केली आणि दिवसभर 'चोर खिडकी, चोर खिडकी' करत डोके खाल्ले.

अंचलेश्वरजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. सर्वांत मोठी बीरशाहची, ती राणी हिराईने बांधली. घुमट लांबूनच पाहून अम्मी थबकल्या.

"हा कोणाचा मकबरा?"

"गोंड राजा बीरशाहची समाधी, दादी."

"गोंड? मग नावात शाह?"

मुलीकडे उत्तर तयार होते. या घराण्यातला सुरजा बल्लाळसिंग नावाचा राजा दिल्लीला गेला होता आणि तिथल्या बादशहाने खूश होऊन त्याला 'शाह' हा किताब दिला, अशी दंतकथा आहे. तेव्हापासून हे राजे शाह लावू लागले. अम्मी बराच वेळ घुमटाकडे पाहत होत्या. मग विचारले, नवऱ्यानंतर राज्य कोणी चालवले? हिराईनेच. बीरशाह मारला गेल्यावर दत्तक मुलगा रामशाह लहान होता, तेव्हा कारभार राणीने पाहिला. महाकालीचे मंदिरही तिनेच बांधले. "मग हिचे नाव दरवाज्याला का नाही?" असे अम्मी म्हणाल्या. याचे उत्तर वहीत नव्हते.

इथून तटावर चढलो. अंचलेश्वर ते बगड खिडकी हा टप्पा चालायला बरा आहे. काही वर्षांपूर्वी इथे तट दिसतही नव्हता, नुसती झुडपे आणि कचरा. २०१७ साली शहरातल्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हातात कोयते-फावडी घेऊन सफाई सुरू केली आणि दोनशेहून अधिक दिवस ती रोज सकाळी चालू ठेवली. हा तट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण झाडू मारला तो शहरातल्या पोरांनी. त्यांचा हेरिटेज वॉकही असतो, सकाळी लवकर. चांद्यात मुक्काम असणाऱ्यांनी तो जरूर करावा. आमच्यासारख्या गाडीने येणाऱ्यांना ती वेळ जमत नाही.

अम्मी वर चढल्या नाहीत. हेही आधीच ठरले होते आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही, असेही. त्या आणि आपा खाली सावलीत बसल्या, मुले आमच्याबरोबर बुरुजावर गेली. वरून एका बाजूला झरपट, दुसऱ्या बाजूला तटाला टेकलेली घरे, वाळत घातलेले कपडे, कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. जंग्यांतून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांतून, धाकट्याने आपांवर बऱ्याच गोळ्या झाडल्या. याच तटाला इंग्रजांनी १८१८ च्या मे महिन्यात वेढा दिला होता आणि भिंत फोडून शहर घेतले होते. त्याआधी १७५१ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले होते. मे महिन्यात, चांद्यात, लोकरी कोट घालून लढाई! मुलीने हे वाक्य प्रकल्पात लिहिले आहे, बाईंनी ठेवू दिले तर बरे.

दुपारी खालांकडे. फोन करून गेल्यामुळे त्यांनी डाळ-भात करून ठेवला होता आणि आम्ही डबा नेला होता, दोन्ही एकत्र झाले. डब्याविषयी एक सांगतो. सहल म्हटले की आपल्याकडे डेगभर बिर्याणी होते. ती जड होते, तहान वाढवते आणि दुपारनंतर सगळ्यांना झोप आणते. आम्ही पराठे, सुके कबाब, लिंबाचे लोणचे आणि संत्री नेली. संत्री तर विदर्भात या दिवसांत हवीतच. अम्मींसाठी वेळेवर खाणे महत्त्वाचे, म्हणून त्यांचा छोटा डबा वेगळा, गोळ्यांसह. खालांच्या घरी वुजू, नमाज, थोडे आडवे होणे, आणि वहीतले जे मुख्य काम ते, सगळे निवांत झाले. सफरात जोहर कसर पढायची असते, हे अम्मींनी सगळ्यांना आठवणीने सांगितले. नातेवाईक नसतील त्यांनी काय करावे? दुपारच्या वेळी एखाद्या बऱ्या हॉटेलात बसून चहा-नाश्ता घ्यावा आणि बसण्याआधीच स्वच्छतागृहाची चौकशी करावी. चहाच्या पैशात तेही आलेले असते. विचारायला संकोच वाटतो, तो घरातल्या पुरुषांनी आधी सोडावा.

नंतर जटपुरा. दरवाज्यावरचे शिल्प नीट बघायला आम्ही रिक्षा बाजूला लावायला सांगितली: हत्तीवर मात करणारा सिंह, गोंड राजांचे चिन्ह. इतक्या वर्षांत प्रथमच मान वर केली. गर्दी मात्र अशी की लहान मुलाचा हात सोडू नये. बिनबा दरवाजा रिक्षातूनच पाहिला. पठाणपुऱ्याला उतरलो, कारण तिथे जरा मोकळे वाटते. त्याच्या पुढे, शहराच्या दक्षिणेला, इरई आणि झरपट एकमेकींना मिळतात. संपूर्ण अकरा किलोमीटर एका दिवसात पायी करणे तरुणांनाच जमेल, आणि तट सगळीकडे सारखा चांगलाही नाही. काही ठिकाणी गवत कमरेएवढे आहे, तिथे जाऊ नये. आणि कुठेही असा, ऊन कलायच्या आत तटावरून खाली या. डिसेंबरात पावणेसहाला अंधारू लागते, या जिल्ह्यात अंधार नुसता अंधार नसतो.

परतीच्या गाडीची वाट पाहताना अम्मींनी स्वतःहून बाटली मागितली. ती रिकामी होती. धाकटा भरून आणायला धावला. दिवसभरात त्यांनी तीन बाटल्या संपवल्या, चार वेळा जाऊन आल्या. ही नोंद वहीत आहे, लाल पेनाने. मुलीने खाली आपलीही नोंद केली आहे, ती आम्ही इथे देत नाही.

सोमवारी आम्ही दोघे शाळेत गेलो. मुख्याध्यापकांशी बोलणे शांतपणे झाले. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, कडी बसली. नळाचे पाणी अजून नाही. टाकीचा पाइप फुटला आहे आणि मंजुरी यायची आहे, असे सांगितले गेले. मोहल्ल्यातल्या तीन आयांना आम्ही बाटल्या बघायला सांगितले होते, तिघींच्या घरीही त्या भरलेल्याच परत येत होत्या. येत्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. या वेळी अम्मीही येणार आहेत.